न्यूझीलंडमध्ये पहिली टँडम उडी: तयारी जमिनीवरची

न्यूझीलंडची सहल ठरली की क्वीन्सटाउन किंवा टाउपो, दोन्हींपैकी एक गाव यादीत येतंच. तिथे पोचल्यावर घरातल्या कुणीतरी एकाने स्कायडायव्हिंगचा विषय काढणंही ठरलेलं. २०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आला आणि स्पेनमधल्या एम्पुरियाब्रावाची ती उडी आपल्याकडच्या अनेकांच्या मनात बसली. पण पहिल्यांदा जाणाऱ्याचा सगळा विचार ‘मला जमेल का, भीती वाटेल का’ याच्याभोवतीच फिरतो. टँडम उडीत आकाशात तुम्हाला फारसं काही करायचं नसतं, तिथली कामं इन्स्ट्रक्टरची. तुमच्या हातातले निर्णय सगळे जमिनीवर घ्यायचे असतात, आणि बरेचसे भारतातून निघायच्या आधीच.

टँडम उडी चालते कशी

तुमच्या अंगावर पॅराशूट नसतं, फक्त हार्नेस असतो. तो दोन खांद्यांशी आणि दोन कमरेशी, अशा चार ठिकाणी इन्स्ट्रक्टरच्या हार्नेसला जोडला जातो. पॅराशूट त्यांच्या पाठीवर असतात आणि ती दोन असतात, एक मुख्य आणि एक राखीव. ही पद्धत अमेरिकेत १९८०च्या दशकात रूढ झाली. त्याआधी हौशी माणसाला प्रशिक्षण घेऊन एकट्यानेच उडी मारावी लागे.

दोन माणसांचं वजन दुप्पट होतं, पण हवेला अडवणारं अंग काही दुप्पट होत नाही. त्यामुळे टँडम जोडी तशीच खाली येऊ दिली, तर वेग ताशी २९० किलोमीटरच्या आसपास जाईल आणि एवढ्या वेगात पॅराशूट उघडणं धोक्याचं. म्हणून विमानातून बाहेर पडल्यावर काही सेकंदांतच इन्स्ट्रक्टर ‘ड्रोग’ नावाचं छोटं पॅराशूट मागे सोडतात. त्याच्या ओढीने वेग ताशी २०० किलोमीटरच्या जवळपास राहतो. पुढे साधारण ५,००० फुटांवर मुख्य पॅराशूट उघडतं.

ते नीट उघडलं नाही तर? इन्स्ट्रक्टर ते तोडून टाकतात आणि राखीव उघडतात. आणि त्यांनाच भोवळ आली तर? त्यासाठी पाठीवरच्या पिशवीत एक छोटं यंत्र असतं. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग सतत मोजतं. ठरलेल्या उंचीखालीही वेग पडण्याचाच राहिला, तर ते स्वतःहून राखीव पॅराशूट उघडतं. १९९१ मध्ये जर्मनीतून आलेल्या ‘सायप्रेस’ने असं भरवशाचं यंत्र या खेळात रुजवलं. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच तांत्रिक प्रश्न विचारायचा असेल, तर या यंत्राबद्दल विचारावा. चांगल्या ठिकाणी उत्तर लगेच आणि आनंदाने मिळतं.

उंची किती निवडावी

९,००० फुटांवरून मुक्त पतन साधारण अर्धा मिनिट मिळतं, १२,००० वरून पाऊण मिनिट, १५,००० वरून एक मिनिट. पॅराशूटखालचा वेळ तिन्हींत जवळपास सारखाच, पाच-सात मिनिटं. दर हजार फुटांना तापमान सुमारे दोन अंशांनी उतरतं. म्हणजे खाली वीस अंश असले तरी १५,००० फुटांवर शून्याखाली दहाच्या आसपास. पैसे उंचीप्रमाणे वाढतात.

माझ्या मते पहिल्या उडीला १२,००० फूट पुरेसे आहेत. पहिले दहा-पंधरा सेकंद काय चाललंय हेच कळत नाही, म्हणून ९,००० कमी पडतात. १५,००० चा खर्च मात्र पुन्हा कधी येण्याची शक्यता नसेल तरच करावा.

वजन आणि तब्येत

वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी १०० किलोच्या आसपास असते, काही ठिकाणी त्याहून जास्त वजनाला जादा पैसे घेतात. तिथे काट्यावर उभं करतातच, त्यामुळे बुकिंग करताना दोन-चार किलो कमी सांगून उपयोग नाही. हार्नेसची आणि पॅराशूटची क्षमता त्या आकड्यावर ठरते.

आपल्याकडे आजार लपवायची सवय आहे, ती इथे घातक ठरते. हृदयविकार, अपस्मार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, पाठीचा किंवा मानेचा जुना त्रास आणि पूर्वी निखळलेला खांदा, यांतलं काही असेल तर आपल्या डॉक्टरांचं लेखी मत घेऊनच निघावं. गरोदरपणात उडी नकोच. सर्दी किरकोळ वाटते, पण नाक चोंदलेलं असताना एवढ्या वेगाने खाली आलं की कान असह्य दुखतात, पडद्याला इजाही होऊ शकते. त्या दिवशी सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला.

दिवस कोणता ठेवावा

आपल्या सहलीचं वेळापत्रक इतकं गच्च असतं की उडी शेवटच्या दुपारसाठी राखलेली असते आणि रात्री परतीचं विमान. हे करू नका. ढग खाली आले किंवा वारा वाढला की उड्या थांबतात. क्वीन्सटाउनला वाकाटिपू सरोवर आणि रिमार्केबल्सची डोंगररांग यांच्यामध्ये हवा तासाभरात पालटते. त्या गावात पोचल्यावरचा पहिलाच मोकळा दिवस उडीला द्यावा आणि पुढचा एक दिवस हाताशी ठेवावा. शक्यतो सकाळची वेळ मागावी, कारण बहुधा तेव्हा वारा शांत असतो. हवामानामुळे उडी रद्द झाली तर पैसे परत मिळतात की फक्त दुसरी तारीख, हे बुकिंगच्या आधी वाचून घ्यावं.

त्याच सहलीत ऑस्ट्रेलियात, केर्न्सजवळ समुद्रात स्कूबा डायव्हिंग आणि मग मिशन बीचला स्कायडायव्हिंग असा बेत असेल, तर मध्ये किमान २४ तास जाऊ द्या. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवरच्या कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ लागतो आणि त्यातून गंभीर आजार होतो. क्रम उलटा केला, आधी आकाश आणि मग समुद्र, तर ही अडचण येत नाही.

कपडे

लेस घट्ट बांधलेले बूट, लवचिक पँट, अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट आणि वर एक स्वेटर. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र आणि मोबाइल लॉकरमध्ये. लांब केसांची घट्ट वेणी घालावी, नाहीतर खाली आल्यावर गुंता सुटता सुटत नाही. चष्म्यावर चढणारे गॉगल मागितले की मिळतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडच्या पट्टायात नऊवारी नेसून उडी घेतली होती, पण त्यांच्या गाठीशी तेव्हा शेकडो उड्या होत्या. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको.

विमानात आणि दारात

विमान लहान असतं. आत खुर्च्या नसतात. लांबट बाकांवर पाय दोन्हीकडे टाकून सगळे एकामागे एक बसतात, आणि तुमची पाठ इन्स्ट्रक्टरच्या छातीला टेकलेली असते. वर चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. टाउपोला या वेळात खिडकीतून देशातलं सर्वांत मोठं सरोवर आणि दक्षिणेला टोंगारिरो, न्गाउरुहोए, रुआपेहू हे तीन ज्वालामुखी दिसतात. शेवटच्या काही मिनिटांत इन्स्ट्रक्टर तुमचे पट्टे ओढू लागतात. कमरेचा पट्टा इतका आवळला जातो की श्वास थोडा वर सरकतो. तो तसाच घट्ट हवा.

दार सरकतं आणि थंड वाऱ्याचा लोट आत येतो. खरी भीती त्या अर्ध्या मिनिटाची. तुमच्या पुढचा माणूस दारात दिसतो आणि पुढच्या क्षणी तिथे नसतो. मग तुम्ही पुढे सरकायचं, पाय बाहेर सोडून विमानाच्या पोटाखाली वळवायचे, डोकं मागे इन्स्ट्रक्टरच्या खांद्यावर, हात हार्नेसच्या पट्ट्यांवर आणि कंबर पुढे. जत्रेतल्या आकाशपाळण्यात पोटात येतो तसा गोळा इथे जवळपास येत नाही, कारण विमानाच्या वेगाने तुम्ही आधीच पुढे जात असता. जाणवतो तो वारा. खांद्यावर थाप पडली की हात पसरायचे. पुष्कळ जण नकळत श्वास कोंडतात. श्वास चालू राहावा म्हणून सरळ ओरडावं.

पॅराशूट उघडलं की आवाज एकदम थांबतो आणि इन्स्ट्रक्टरशी साध्या आवाजात बोलता येतं. काहीजण गंमत म्हणून जोरात गिरक्या घेतात. मळमळत असेल तर ‘नको’ म्हणा, ते लगेच थांबतात. उतरताना दोन्ही गुडघे छातीकडे ओढून पाय वर धरायचे आणि बसल्या बसल्या गवतावर घसरायचं. पाय आधी टेकवण्याचा मोह आवरा, घोटे दुखावतात ते तिथेच.

धोका किती

धोका आहे, पण घरच्यांना वाटतो त्याहून बराच कमी. अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये तिथे सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० जण दगावले. टँडममधलं प्रमाण एकट्याने मारलेल्या उड्यांपेक्षाही कमी असतं. आई-बाबांना सांगताना ‘काही होत नाही’ म्हणण्यापेक्षा हे आकडे सांगावेत. न्यूझीलंडमध्ये पैसे घेऊन उड्या घडवणाऱ्यांना तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाच्या ‘भाग ११५’ या नियमाखाली प्रमाणपत्र लागतं. ते आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा.

सही आणि विमा

उडीआधी एका कागदावर सही घेतात. तो वाचल्याशिवाय सही करू नका, मागे रांग असली तरी. न्यूझीलंडमध्ये अपघात झाला तर ‘एसीसी’ ही सरकारी योजना पर्यटकाच्याही उपचाराचा भार उचलते. मात्र त्यामुळे इजेच्या भरपाईसाठी कंपनीवर दावा लावता येत नाही. हुकलेली विमानं, लांबलेला मुक्काम, भारतात परत आणण्याचा खर्च यांतलं काहीही ही योजना देत नाही. ते तुमच्या प्रवास विम्यातून यावं लागतं, आणि अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात किंवा त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. एजंट फोनवर ‘सगळं कव्हर आहे’ म्हणाला तर तेवढ्यावर विसंबू नका. टँडम स्कायडायव्हिंगचा स्पष्ट उल्लेख करून विमा कंपनीला ईमेल करा, तिचं लेखी उत्तर मागवा आणि त्याची एक प्रत घरी ठेवून मगच निघा.