डिस्क गोल्फ : शाळेच्या मैदानावरचा छोटा कोर्स

चेंडूऐवजी चकती, खळगीऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत पोचवायची.

• सुरुवात : पहिला कायमस्वरूपी कोर्स १९७५ साली, कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये. आखणी एड हेड्रिक यांची. साखळ्यांची टोपलीही त्यांनीच घडवली.

• कोर्स : एरवी ९ किंवा १८ होल, म्हणजे फेकीच्या जागेपासून टोपलीपर्यंतचे टप्पे. शाळेत ६ होलही पुरतात. अंतर प्रत्येकी साधारण ३० ते ६० मीटर.

• चकत्या : ड्रायव्हर, मिडरेंज आणि पटर असे तीन प्रकार. ड्रायव्हरची कड धारदार, पल्ला लांबचा. पटरची कड बोथट, गती संथ, वाट सरळ. मिडरेंज या दोन्हींच्या मधली. नवशिक्याला सगळ्या होलसाठी एक पटर पुरे. ड्रायव्हरला जोरदार फेक लागते. वेग कमी पडला, तर उजव्या हाताच्या बॅकहँडने फेकलेली चकती लवकर डावीकडे वळून पडते.

• नियम : चकती थांबते तिथूनच पुढची फेक. टोपलीपासून सर्वांत दूर असलेला आधी फेकतो. टोपलीच्या १० मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल नाही. चकती हद्दीबाहेर गेली, तर दंडाची एक फेक.

• सुरक्षा : फेकीच्या पट्ट्यात कोणी असेल, तर थांबायचे. ड्रायव्हरची धारदार कड अंगावर बसली, तर इजा होते.