घोषणा सोपी, भाषा अवघड

दरवर्षी ६ ऑगस्टला हिरोशिमा दिनानिमित्त मुंबईतल्या अनेक शाळा-महाविद्यालयांत फलक रंगतात, फेऱ्या निघतात आणि दुसऱ्या दिवशी वर्ग नेहमीसारखे भरतात. वाकोल्यात पोरांनी शांततेच्या घोषणा दिल्या म्हणून जगातले कुठले युद्ध थांबले, असे विचारणारे मग भेटतातच. प्रश्न खोचक आहे, पण रास्तही आहे, आणि त्याचे खरे उत्तर ‘एकही नाही’ हेच आहे. मात्र त्यावरून विद्यार्थ्यांचे शांतताकार्य निरुपयोगी ठरत नाही. त्यातले सर्वांत सोपे काम तेवढे आपण त्यांच्या हाती देतो, हे त्यातून उघड होते. दुसऱ्याच्या गरजेला उपयोगी पडेल असे काहीतरी कष्टाने शिकणे हे त्यातले अवघड काम, आणि ते करून दाखवणारे एक उदाहरण महाराष्ट्राच्या घरचेच आहे.

सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली, तेव्हा चिनी सेनानी जू दे यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक रवाना केले. कोटणीस तेव्हा पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते, वय सत्तावीस. पथकातले बाकीचे चौघे यथावकाश परतले, हे मात्र तिथेच राहिले. ते चिनी भाषा शिकले, आणि तीही नुसती रुग्णाची विचारपूस करण्यापुरती नव्हे; त्याच भाषेत ते तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. १९४१ मध्ये कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी त्यांनी गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. आपण त्यांचे हौतात्म्य लक्षात ठेवले. भाषा घोकत बसलेला डॉक्टर मात्र विसरून गेलो.

यावर कोणी म्हणेल, की त्याच चीनशी आपले वीस वर्षांत युद्ध झाले, मग कोटणिसांनी मिळवले काय? एका डॉक्टरच्या सेवेने सीमावाद सुटत नाहीत, हे मान्यच करायला हवे. शांततेच्या कामाकडून युद्ध न होण्याची हमी मागणे हीच मुळात चूक आहे. त्याचा उपयोग युद्धानंतरही होतो. २००६ मध्ये हू जिंताओ आणि २०१३ मध्ये ली केचियांग मुंबईत आले, तेव्हा दोघेही कोटणीस कुटुंबीयांना भेटले. अशा भेटींत राजकीय मतलब असतो, हे सांगायला तज्ज्ञ नको. पण मतलबासाठी का होईना, बिनसलेल्या शेजाऱ्यांना पुन्हा बोलायला बसायचे असेल, तर दोघांनाही मान्य असलेली एखादी गोष्ट लागते. ती कोटणिसांनी मागे ठेवली होती.

साने गुरुजींची आंतरभारती याच वाटेवरची. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले, ‘कुरल’ मराठीत आणले. प्रांताप्रांतांतल्या तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. आज वाकोल्याला खेटून असलेल्या मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात उर्दू, कन्नड, सिंधी, गुजरातीपासून जर्मन, रशियनपर्यंत भाषांचे विभाग आहेत. वाकोल्याच्या वस्त्यांत कोकणी माणूस, ईस्ट इंडियन, उत्तर भारतीय, दक्षिणी असे सगळे दाटीवाटीने राहतात. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते. त्यातले निम्मे तास शेजारच्या एका भाषेला द्यावेत आणि उरलेले ती भाषा वापरण्याला. सांताक्रूझ पूर्वेच्या व्ही. एन. देसाई रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीपाशी भांबावून उभ्या राहिलेल्या परप्रांतीय बाईला तिच्या बोलीत समजावून सांगणारा विद्यार्थी फेरीतल्या फलकापेक्षा जास्त शांतताकार्य करील.

मराठीचेच हाल असताना पोरांना दुसऱ्या भाषा कशाला, हा आक्षेप येणार, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण सक्तीने डोक्यावर बसलेली भाषा आणि आपणहून शिकलेली भाषा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साने गुरुजींच्या मराठीवर त्यांच्या तमिळने कुठलेही संकट आणले नाही. शिवाय हा व्यवहार दुहेरी ठेवता येतो: उर्दू शिकवायला येणाऱ्या मुलाने त्याच बाकावर मराठी शिकायची. सक्तीच्या फलकाने मराठी जितकी पसरते, त्यापेक्षा अशा मैत्रीने ती नक्कीच जास्त रुजेल. परीक्षा आणि नोकरीच्या घाईत वेळ कुठून आणायचा, हा दुसरा आक्षेप. पण ते १२० तास आजही स्वच्छता मोहिमांत आणि जनजागृतीच्या फेऱ्यांत खर्च होतातच. यासाठी नवा निधी नको, मंत्रालयाचा शासन निर्णयही नको. महाविद्यालयांच्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांनी यंदाच्या कामाचा आराखडा करण्यापूर्वी कलिन्यातल्या एखाद्या भाषा विभागाला पत्र लिहावे, आणि विभागानेही त्याचे उत्तर द्यावे.