एलईडी, क्यूएलईडी की ओएलईडी? धार-देवासच्या मराठी घरात टीव्ही घेण्यापूर्वी समजून घ्या पडद्याचं गणित

धार / देवास : ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे किंमतही दहा टक्क्यांनी उतरली, असा अनेकांचा समज आहे. पण हिशेब थोडा वेगळा आहे. १०० रुपयांची मूळ वस्तू आधी १२८ ला पडायची, ती आता ११८ ला पडते. म्हणजे बिल साधारण पावणेआठ टक्क्यांनी हलकं झालं. ३२ इंची आणि त्याहून लहान टीव्ही आधीपासूनच १८ टक्क्यांत होते, तिथे काही बदललं नाही.

तरीही ३२ इंचांवर थांबणारं गिऱ्हाईक आता ४३ आणि ५५ इंचांची चौकशी करू लागलं, तर नवल नाही. धारहून किंवा देवासहून इंदूरच्या महाराणी रोडवर गेलं, की दुकानदाराचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : "भैया, एलईडी तो पुराना हो गया, क्यूएलईडी ले जाइए." मग ओएलईडी, मिनी एलईडी, फोर-के, एचडीआर अशी अक्षरांची रांग लागते. यातली काही अक्षरं खरंच कामाची आहेत, तर काही निव्वळ डब्यावर छापण्यासाठी आहेत.

'एलईडी टीव्ही' म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो, तो खरं तर एलसीडी टीव्हीच. पडद्यावरचं चित्र तयार होतं ते लिक्विड क्रिस्टलच्या, म्हणजे द्रव स्फटिकांच्या थरात. हा पदार्थ काही नवा नाही. ऑस्ट्रियातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्सर यांना १८८८ मध्येच त्याचं विचित्र वागणं दिसलं होतं. हे स्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. मागून येणारा उजेड किती पुढे जाऊ द्यायचा, एवढंच ते विजेच्या इशाऱ्यावर ठरवतात. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना आडव्या पट्ट्यांच्या झडपा असायच्या, तसंच काहीसं. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन झडपा असतात.

मागचा उजेड पूर्वी बारीक ट्यूबलाइटमधून यायचा, तेव्हा त्याला नुसतं एलसीडी म्हणत. पुढे तिथे एलईडी दिवे आले, टीव्ही सडपातळ झाला, वीज कमी लागू लागली आणि कंपन्यांनी नाव बदललं. चित्र बनवायची पद्धत तीच राहिली. मधल्या काळात प्लाझ्मा टीव्हीही होता. त्याचा काळा रंग आजच्या बऱ्याच एलईडींपेक्षा सरस होता, पण तो वजनाला जड आणि विजेला खादाड होता. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस तो बनवणं थांबवलं, २०१४ मध्ये सॅमसंग आणि एलजीनेही नाद सोडला.

झडपेची अडचण अशी, की ती कितीही घट्ट लावली तरी फटीतून थोडा उजेड येतोच. म्हणून एलईडी टीव्हीवर रात्रीचा प्रसंग काळा न दिसता राखाडी दिसतो. पुढची सगळी तंत्रं ही फट बुजवण्याची किंवा तिच्याशी जुळवून घेण्याचीच आहेत.

पहिला उपाय मागचे दिवे नीट मांडण्याचा. दिवे फक्त कडेला असले तर टीव्ही पातळ होतो, पण उजेड सगळीकडे सारखा पडत नाही. दिवे पडद्याच्या मागे पसरलेले असले तर चित्र जास्त एकसारखं दिसतं. या दिव्यांचे गट करून चित्रात जिथे अंधार आहे तिथलेच दिवे मंद करता आले, तर काळा रंग बराच सुधारतो. यालाच लोकल डिमिंग म्हणतात. मिनी एलईडीमध्ये हेच दिवे अगदी बारीक असतात आणि त्यांचे शेकडो, कधी हजारांवर गट करता येतात.

क्यूएलईडीचं प्रकरण वेगळं आहे. त्यात 'क्वांटम डॉट' म्हणजे काही नॅनोमीटर आकाराच्या कणांचा थर असतो. कणाचा आकार बदलला की त्यातून निघणारा रंग बदलतो. या कणांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या थरामुळे लाल आणि हिरवा रंग जास्त शुद्ध होतो. पण लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की क्यूएलईडीही एलसीडीच आहे. रंग सुधारतो, झडपेची फट तशीच राहते. लोकल डिमिंग नसलेल्या स्वस्त क्यूएलईडीसाठी चार-पाच हजार जास्त मोजावेत, असं त्यात फारसं काही नाही.

ओएलईडी मात्र खरोखर वेगळा. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅकमधले चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी त्याचा पाया घातला. यात मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. त्यामुळे काळा म्हणजे ठार काळा. बाजूला बसलेल्यालाही रंग फिके दिसत नाहीत. पण त्याचे सेंद्रिय पदार्थ वापराने थकतात. एकाच जागी रोज तासन् तास तेच चित्र राहिलं, तर त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो. वृत्तवाहिनीची खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ज्या घरात सकाळी सातला बातम्या लागतात आणि रात्री अकराला बंद होतात, त्या घराने ओएलईडीचा विचार सोडून दिलेला बरा.

मराठी बघायचंय, तर हे वाचाच

आता मुख्य मुद्दा. दुकानदार तो सांगत नाही, कारण त्याला तो विचारलाच जात नाही.

माळव्यात पवारांची मराठी घरं येऊन तीनशे वर्षं होत आली. धारचं संस्थान, देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती, त्यांच्याबरोबर आलेली कारकून, पुरोहित, शिलेदारांची कुटुंबं. घरात मराठी टिकली, पण टीव्हीवर ती सहज कधी मिळाली नाही. अँटेनाच्या काळात भोपाळ-दिल्लीचे हिंदी कार्यक्रम यायचे. रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक चित्रपट लागायचा, त्यात मराठीची पाळी कधीतरीच यायची. १९९४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मराठी वाहिनीने, आजच्या सह्याद्रीने, डिशच्या वाटेने ही अडचण दूर केली. आजही अनेक आजी-आजोबांसाठी आणि इंदूर-पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या मुलांच्या घरी राहिलेल्या आईवडिलांसाठी संध्याकाळची मराठी म्हणजे टीव्हीच.

ही मराठी येते कशी? बऱ्याच घरांत डीडी फ्री डिशवरून. तिथल्या बहुतेक वाहिन्या एसडी, म्हणजे साध्या प्रतीच्या असतात. चित्रात उभ्या दिशेने ५७६ ओळी. फोर-के पडद्यावर ओळी आहेत २१६०. उरलेल्या ओळी टीव्ही अंदाजाने भरतो. पडदा जेवढा मोठा, तेवढा हा अंदाज उघडा पडतो.

आकडेच पाहू. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा दिसतो. त्या हिशेबाने एसडी चित्राच्या ओळी एकमेकींत मिसळून जाण्यासाठी ३२ इंची टीव्हीपासून सुमारे ८ फूट लांब बसावं लागतं, ४३ इंचीपासून साडेदहा फूट आणि ५५ इंचीपासून साडेतेरा फूट. जुन्या वाड्यातली बैठक असो की कॉलनीतला नवा फ्लॅट, सोफा आणि भिंत यांत साडेतेरा फूट किती घरांत मिळतात? म्हणूनच मोठ्या हौसेने ५५ इंची आणला जातो आणि चार दिवसांत तक्रार सुरू होते, "जुन्या डब्यावर तर हेच स्वच्छ दिसायचं!" आजींचं म्हणणं खरं असतं. टीव्ही बिघडलेला नसतो आणि डोळेही नाही.

हाच हिशेब उलटाही चालतो. ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपके साधारण साडेपाच फुटांपलीकडून वेगळे दिसतच नाहीत. आठ-नऊ फुटांवर बसणाऱ्याला ४३ इंचांत फुल एचडी आणि फोर-के यांत बारकाव्याचा फरक जवळपास कळणार नाही. फोर-के घ्यायला हरकत नाही, पण त्यासाठी आकार किंवा पॅनेलची प्रत यांत तडजोड नको.

मोठा टीव्ही घ्यायचाच असेल, तर सिग्नलही सुधारायला हवा. प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या डीटीएचवर मिळतात. मध्य प्रदेशात हिंदीचा पॅक घेतला तर त्या आपोआप येतीलच असं नाही, वेगळ्या मागून घ्याव्या लागतात. बॉक्सही एचडी हवा. आणि इथे एक साधीशी चूक फार घरांत होते : एचडी बॉक्स असतो, फोर-के टीव्ही असतो आणि दोघांना जोडणारी केबल मात्र जुनी पिवळी-लाल-पांढरी. त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही. एचडीएमआय केबल लावली की बिनखर्चात, फार तर दोन-तीनशे रुपयांत, नवा टीव्ही आणल्यासारखं वाटतं.

जुन्या मालिकांत सगळी माणसं बुटकी आणि जाडी दिसत असतील, तर तो पडद्याचा दोष नाही. चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं असतं. रिमोटवर चित्राचा आकार ४:३ केला की सगळे पुन्हा बारीक होतात.

दुकानात काय बघायचं?

दुकानातला टीव्ही पोपट, धबधबे आणि फळांचा व्हिडिओ दाखवत असतो. तो प्रत्येक टीव्हीवर सुंदरच दिसतो. दुकानदाराला साधी एसडी वाहिनी लावायला सांगा, शक्यतो घरी बघता तीच. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड काढून 'स्टँडर्ड' किंवा 'मूव्ही' करायला सांगा. मग बाजूला सरकून तिरकं पाहा. एलसीडी पॅनेलचे दोन मुख्य प्रकार आहेत. आयपीएस पॅनेल बाजूनेही रंग टिकवतं, पण अंधारात राखाडी पडतं. व्हीए पॅनेलचा काळा रंग तीन-चार पटींनी गडद असतो, पण बाजूला बसलेल्याला चित्र धुरकट दिसतं. गणपतीत पंधरा माणसं खोलीभर पसरून बसणार असतील तर आयपीएस, दोघं-तिघंच समोर बसून बघणार असतील तर व्हीए, इतकं सोपं आहे ते.

खोलीतला उजेडही मोजायला हवा. देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये छापलेली नोट उन्हात जास्त स्पष्ट दिसते, कारण ती बाहेरचा उजेड परतवते. टीव्हीचं उलट आहे. त्याला स्वतःच्या उजेडाने खोलीच्या उजेडावर मात करावी लागते. माळव्यातल्या उन्हाळ्याच्या दुपारी अंगणाकडे दार उघडणाऱ्या खोलीत मंद पडदा निस्तेज वाटणारच. पडद्याची प्रखरता 'निट्स'मध्ये मोजतात. स्वस्त टीव्ही २५० ते ३०० निट्सच्या आसपास असतात. अशा टीव्हीवर 'एचडीआर'चा शिक्का असला, तरी त्याचा अर्थ एवढाच की तो तसा सिग्नल वाचू शकतो, दाखवू शकेलच असं नाही. उजेडाच्या खोलीत दिवसा क्रिकेट बघणाऱ्यांसाठी परवडत असेल तर मिनी एलईडी हा आजचा सगळ्यात समंजस पर्याय आहे. अंधाऱ्या खोलीत रात्री ओटीटीवर सिनेमे बघणाऱ्याने ओएलईडी घ्यावा. बाकीच्यांना ४३ इंची, मागे दिवे पसरलेला साधा एलईडी पुरतो आणि वाचलेले पैसे एचडी वाहिन्यांकडे वळवता येतात.

विजेची फार धास्ती नको. ४३ इंची टीव्ही ८० वॉटचा धरला आणि रोज सहा तास चालवला, तर महिन्याला साडेचौदा युनिटच्या आत राहतो. नेमका आकडा स्टार लेबलवर मिळतो.

बिघडला तर?

आवाज येतो पण चित्र नाही, हा एलईडी टीव्हीचा नेहमीचा आजार. खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्च तिरका धरा. चित्र अंधुक दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, फक्त मागच्या दिव्यांच्या पट्ट्या गेल्या आहेत. त्या बदलता येतात आणि खर्च आवाक्यातला असतो. याउलट पॅनेल फुटलं, तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. प्रखरता कायम शंभरावर न ठेवता साठ-सत्तरवर ठेवली, तर दिवे जास्त वर्षं टिकतात. पडदा ओल्या फडक्याने दाबून पुसू नये.

व्होल्टेज खाली-वर झालं तर आजचे बरेच टीव्ही ते सांभाळून घेतात, मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज सहसा पडत नाही. घात होतो तो विजा कडाडताना. पावसाळ्यात ढग गडगडू लागले की प्लगबरोबर डिशची केबलही काढायची, कारण छतावरून खाली येणारी तीच वाट आहे. घराचं अर्थिंग नीट आहे का, हे नवा टीव्ही लावायच्या आधी वायरमनकडून तपासून घ्या.

शेवटी खरेदीचं ठिकाण. १ जुलै २०१७ पूर्वी राज्याराज्यांचा व्हॅट वेगळा होता, आता जीएसटी सगळीकडे सारखाच. त्यामुळे नाशिकहून किंवा पुण्याहून पाहुण्यांच्या गाडीत टीव्ही आणण्यात कराचा काही फायदा उरलेला नाही. आणलाच तर खोका उभाच ठेवा, आडवा ठेवला तर खड्ड्यात पॅनेल तडकतं. बिल घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा : पॅनेलवर वॉरंटी किती वर्षांची, आणि सर्व्हिसचा माणूस धार-देवासमध्येच आहे की इंदूरहून येणार. इंदूरहून येणार असेल, तर येण्याजाण्याचे पैसे कोण देणार, तेही बिलावर लिहून घ्या.