कातडी सोडून प्लास्टर कापणारी करवत

हाड जुळल्यावर प्लास्टर काढायच्या दिवशी मूल सगळ्यात जास्त रडतं ते यंत्राच्या आवाजानं. घरघरणारं, दातेरी, चकचकीत गोल पातं हाताच्या दिशेनं येताना दिसलं की मोठ्या माणसाचाही हात आपोआप मागे जातो. मग अनुभवी टेक्निशियन चालू पातं स्वतःच्या तळहातावर हलकेच टेकवून दाखवतो. हात कापत नाही. पुढच्या मिनिटात तेच पातं दगडासारखं कडक प्लास्टर चिरत जातं.

याचं कारण असं, की ते पातं फिरतच नाही. ते जागच्या जागी डावी-उजवीकडे थरथरतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याचा झोल जेमतेम तीन-चार अंशांचा असतो, पण मिनिटाला दहा ते वीस हजार वेळा. कापण्यासाठी दात पदार्थावरून घासत पुढे जावा लागतो. कातडी आणि तिच्याखालचं मांस सैल असतं, ते दाताबरोबरच दीड-दोन मिलिमीटर इकडेतिकडे हलतं, त्यामुळे दात घासला जात नाही. प्लास्टर ताठ असल्यानं त्याला हलता येत नाही आणि त्याचा भुगा होतो.

ही कल्पना प्रत्यक्षात आणली होमर स्ट्रायकर या अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञानं. मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावी तो रुग्णालयात काम करत असे. या यंत्राचं पेटंट त्याला 1947 मध्ये मिळालं. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं, म्हणजे डच लष्करी डॉक्टर अँटोनियस माथाइसन यानं प्लास्टरची पट्टी रूढ केल्यापासून, ते काढायचं म्हणजे सुरी, मोठी कात्री किंवा हातकरवत घेऊन झगडायचं, असाच प्रकार होता.

यंत्राच्या पोटातली रचना साधी आहे आणि मला ती फार देखणी वाटते. मोटरच्या दांड्याच्या टोकाशी एक छोटं बेअरिंग मध्यापासून किंचित सरकवून बसवलेलं असतं. दांडा फिरला की ते गोल गोल डुलतं. त्याला दोन बाजूंनी धरून एक चिमटा असतो. बेअरिंग डुलेल तसा चिमटा डावी-उजवीकडे हलतो आणि पात्याचा आस तेवढाच वळवतो. कोन किती, हे बेअरिंग मध्यापासून किती सरकवलं यावर ठरतं. सुरक्षिततेसाठी वेगळी कळ, झाकण किंवा सेन्सर काहीच नाही. ती हालचालीतच आहे.

अर्थात तिलाही मर्यादा आहेत. घोट्यावर किंवा मनगटाच्या हाडावर कातडी ताणलेली असते, तिथे ती पात्याबरोबर हलू शकत नाही आणि जखम होऊ शकते. पातं टेकवून ओढत नेलं तरीही तोच धोका. म्हणून वर-खाली, वर-खाली असं टोचत पुढे जायचं, हे शिकवावं लागतं. दुसरा धोका उष्णतेचा. फायबरग्लासचं प्लास्टर कापताना पातं चांगलंच तापतं आणि आत कापूस कमी असेल तर चटका बसतो. मधेमधे थांबून पातं गार होऊ देणं हा वेळेचा अपव्यय नव्हे. आई-वडिलांनी तशी विनंती जरूर करावी.

हीच हालचाल पुढे कारागिरांच्या हत्यारातही आली, म्हणून आता सुताराच्या बाजूनं पाहू. लाकूड कापणारी सात इंची गोल करवत मिनिटाला पाच हजार फेरे घेते, म्हणजे तिच्या दाताचा वेग सेकंदाला जवळपास पन्नास मीटर. लाकडाला तो मानवतो. पण लोखंड कापायच्या पट्टा-करवतीचा दात सेकंदाला साधारण एक मीटरच्या आसपासच चालवतात. त्याहून फार जोरात नेला तर घर्षणानं दातच मऊ पडतो. साधं कार्बन पोलाद दोनशे-अडीचशे अंशांपुढे आपला कडकपणा सोडू लागतं. हायस्पीड स्टील सहाशेच्या आसपासपर्यंत तग धरतं. म्हणून सगळं कापणारी एकच करवत बनवणं अवघड. लाकडाचा वेग लोखंडाला चालत नाही.

थरथरत्या करवतीचा हिशेब केला की गंमत दिसते. आसापासून दात तीन सेंटिमीटरवर धरला, झोल तीन अंशांच्या थोडा वर आणि सेकंदाला तीनशे फेऱ्या, तर सरासरी वेग येतो सेकंदाला साधारण एक मीटर. लांब पात्यावर तो दोन-अडीच मीटर होतो. म्हणजे हे यंत्र लोखंडाला परवडेल अशा वेगाच्या जवळ चालतं, आणि लाकूड, प्लायवूड, पीव्हीसी, जिप्सम बोर्ड यांनाही तो चालतो. फक्त काम हळू होतं. दात दोन-चार मिलिमीटरच पुढे जाऊन परत येत असल्यानं भुसा बाहेर पडायला वाव कमी मिळतो. जाड फळी उभी चिरायला हे यंत्र घेऊ नये.

जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं, जिनं 1895 मध्ये हातात धरायचं विजेचं ड्रिल बनवलं होतं, 1967 मध्ये अशी प्लास्टर-करवत काढली आणि पुढे तीच हालचाल कारागिरांच्या हत्यारात आणली. आज बाजारात मल्टिटूल म्हणून मिळतं ते हेच. पदार्थ बदलला की यंत्र तेच, पातं वेगळं. लाकडाला साधं पोलादी, खिळे असलेल्या लाकडाला दोन धातू जोडलेलं बायमेटल, फरशांच्या सांध्यातलं ग्राउट काढायला दातांऐवजी कार्बाइडचे किंवा हिऱ्याचे कण लावलेलं.

आपल्याकडे मात्र सगळं कापायचं यंत्र म्हणून सुताराच्या हातात दिसतो तो मार्बल कटर. चार इंची, मिनिटाला साधारण तेरा हजार फेरे, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला पंचाहत्तर मीटरच्या घरात. दगडाच्या हिरेकणी चकतीला दात नसतात, ती फक्त खरवडते, त्यामुळे तिला हा वेग ठीक. त्याच यंत्राला लाकडाचं दातेरी पातं लावलं की चित्र बदलतं. फळीची चीर मिटून पातं आवळलं गेलं की दात लाकडात रुततो आणि यंत्र उलटं अंगावर येतं. लाकडाच्या करवतीला खालून आपोआप मिटणारं झाकण असतं, मार्बल कटरला ते नसतं. वर अनेक कटरना बटण दाबून चालू अवस्थेत अडकवायची सोय असते, हातातून सुटला तरी तो फिरतच राहतो. या जोडणीनं किती कारागिरांची बोटं गेली असतील, या विचारानं मला संताप येतो, कारण दोष त्यांचा नाही. ठेकेदार एकच यंत्र देतो आणि त्यातच सगळं उरकायला सांगतो.

कटरचं उरलंसुरलं वरचं झाकणही काढून टाकलं जातं, त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे जुन्या घरात नवी फरशी बसवणं. फरशी चढली की दाराची चौकट खालून बोटभर कापावी लागते. जमिनीलगत आडवं पातं घालायचं असतं आणि झाकण मध्ये येतं. मल्टिटूलचं सपाट पातं उरलेल्या फरशीच्या तुकड्यावर आडवं टेकवून चौकटीत सरळ घालता येतं. उंची त्या तुकड्यानंच ठरते. एका चौकटीला काही मिनिटं जास्त लागतात, आणि तेवढा वेळ मजुरीत धरायला हवा.