शोधलेला चौकोन

सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यात एका हरवलेल्या विमानाचा मोठा शोध सुरू होता. बलूनमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा पहिला माणूस स्टीव्ह फॉसेट ३ सप्टेंबरच्या सकाळी एका रँचच्या खासगी धावपट्टीवरून उडाला. विमान दोन आसनांचं, एका इंजिनाचं. दुपारपर्यंत तो परतणार होता. तो आला नाही, आणि पुढचा महिनाभर नेव्हाडा आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवरचे डोंगर विमानांनी विंचरून काढले. त्या शोधात विमानांचे अवशेष सापडलेही, एक नव्हे, अनेक. पण ते सगळे जुने होते, पूर्वी केव्हातरी कोसळलेल्या आणि तोवर कुणाच्या हाती न लागलेल्या विमानांचे. फॉसेटचं विमान त्यांत नव्हतं.

डोंगर विमान किती सहज गिळतो, हे या एका गोष्टीतून कळतं. शोध घेणारी माणसं अनुभवी होती, साधनं चांगली होती, हवा बऱ्यापैकी साथ देत होती. तरीही सापडलं ते भलतंच. म्हणूनच हे काम ज्यांनी आयुष्यभर, तेही बिनपगारी, केलं त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

या शोधातला मोठा वाटा सिव्हिल एअर पेट्रोल या संस्थेचा होता. तिची स्थापना १ डिसेंबर १९४१ ची, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या सहा दिवस आधीची. युद्धाच्या काळात या संस्थेचे हौशी वैमानिक आपापली छोटी विमानं घेऊन अटलांटिकच्या किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवायचे. १९४८ मध्ये तिला अमेरिकी हवाई दलाची अधिकृत साहाय्यक संस्था म्हणून मान्यता मिळाली. आज तिचे साठ हजारांच्या आसपास सदस्य आहेत आणि पाचशेहून अधिक विमानं आहेत. त्यांतली बहुतेक एका इंजिनाची सेस्ना. सदस्यांमध्ये शिक्षक, दुकानदार, निवृत्त सैनिक, डॉक्टर असे सगळे. वर्गणी स्वतःच्या खिशातून भरायची, गणवेश स्वतः शिवून घ्यायचा. अमेरिकेच्या अंतर्भागात विमान बेपत्ता झाल्याची खबर फ्लॉरिडातल्या हवाई दलाच्या बचाव समन्वय केंद्राकडे पोहोचते, आणि तिथून बहुतेक वेळा याच लोकांना निरोप जातो.

शोधाला निघणाऱ्या सेस्नात साधारण तिघं असतात. वैमानिकाने फक्त विमान चालवायचं. खाली पाहत बसायचं नाही. त्याच्या शेजारचा निरीक्षक नकाशा, रेडिओ आणि नोंदी सांभाळतो. मागच्या आसनावर बसणाऱ्याचं काम एकच, खिडकीतून पाहणं. त्याला स्कॅनर म्हणतात. सेस्नाचे पंख छताच्या पातळीवर असल्यामुळे खालचं दृश्य अडत नाही, या कामाला ती विमानं पसंत पडतात ती त्यामुळेच. जमिनीपासून हजारेक फूट उंची, ताशी सुमारे १६५ किलोमीटर वेग. या वेगाला दर सेकंदाला पंचेचाळीस मीटर जमीन मागे पडते. मोकळा माळ असेल तर ठीक. पण खाली पाइनचं दाट रान, त्यात कातळ, त्यात सावल्या असतील, तर एखादी जागा नजरेच्या टप्प्यात येते आणि लगेच झाडाआड जाते.

पाहणं हे इथे शिकावं लागतं. डोळा सरकत असताना त्याला तपशील टिपता येत नाही. थांबतो तेव्हाच तो नीट पाहतो. म्हणून स्कॅनरला नजर सलग फिरवू देत नाहीत. एका ठिकाणी क्षणभर थांबायचं, थोडं पुढे सरकायचं, पुन्हा थांबायचं, असं ठरलेल्या क्रमाने खिडकीच्या कडेपासून विमानाच्या जवळपर्यंत यायचं आणि पुन्हा वर जायचं. तासाभरात डोळे थकतात, आणि थकलेला डोळा समोरचं असूनही दाखवत नाही. त्यामुळे ठरावीक वेळाने विश्रांती घेणं हा शिस्तीचाच भाग आहे.

शिवाय शोधायचं असतं ते विमान नव्हे. नव्या माणसाच्या मनात पंख, शेपूट, चाकं असा आकार असतो, आणि तो आकार डोंगरात जवळपास कधीच दिसत नाही. वेगाने कातळावर आदळलेल्या विमानाचा उरतो तो चुरगळलेल्या पत्र्याचा ढीग, कधी तेवढाही नाही. म्हणून शिकवतात ते खुणा पाहायला. एका रेषेत मोडलेले झाडांचे शेंडे, नुकत्याच फाटलेल्या फांदीचं उघडं पांढरं लाकूड, करपलेला गवताचा तुकडा, ऊन पडल्यावर लकाकणारं काहीतरी, आजूबाजूला न शोभणारा रंग. छोटी विमानं बहुधा पांढरी रंगवलेली असतात आणि उंचावरच्या घळींमध्ये उन्हाळ्यातही बर्फाचे पांढरे पट्टे उरलेले असतात. अशा ठिकाणी तर तीच जागा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उन्हात पाहिल्याशिवाय गत्यंतर नसतं.

सपाट प्रदेशात शोध सोपा. नकाशावर चौकोन आखायचे आणि शेतात नांगर फिरावा तसं एकामागून एक तास घेत जायचं. डोंगरात हे चालत नाही, कारण जमिनीपासूनची उंची क्षणाक्षणाला बदलते. तिथे उताराला समांतर राहून, एकाच उंचीवरून डोंगराला वळसा घालतात. सुरुवात नेहमी शिखराच्या वरून करायची आणि एकेक फेरी संपली की पाचशे-हजार फूट खाली यायचं. खालून वर कधीच नाही. घळीच्या तोंडातून आत शिरून वर चढत जाणाऱ्या विमानाला जमीन आपल्यापेक्षा जास्त वेगाने चढते आहे हे कळेपर्यंत वळायला जागा उरत नाही. डोंगराच्या पाठीमागे, वारा ओलांडून पलीकडे पडतो त्या बाजूला, हवा खाली कोसळत असते आणि छोट्या इंजिनाची चढण्याची ताकद तिच्यापुढे तोकडी पडते. त्यात उंचावरची हवा विरळ, उन्हाने तापली की आणखी विरळ. हरवलेलं विमान ज्या कारणाने पडलं, त्याच कारणापाशी शोधणाऱ्यांना पुन्हा जावं लागतं. म्हणून हे शोध शक्यतो सकाळी, वारा उठायच्या आत उरकतात.

या संस्थेची मला सगळ्यात भावलेली गोष्ट मात्र उड्डाणानंतरची आहे. विमान उतरलं की तिघांना बसवून प्रश्न विचारतात. कोणता चौकोन पाहिला? किती उंचीवरून? झाडी किती दाट होती? ऊन कुठून होतं? किती वेळा वळावं लागलं? डोळे दमले होते का? या उत्तरांवरून त्या चौकोनासमोर एक आकडा लिहिला जातो. विमान तिथे असतंच, तर ते आपल्याला दिसण्याची शक्यता किती होती, याचा तो आकडा. दाट रानात एका फेरीनंतर तो फार लहान असतो. दुसऱ्या, तिसऱ्या फेरीने वाढतो, पण शंभर कधीच होत नाही. ‘पाहिलं, काही नाही’ असं लिहून तो भाग पुसून टाकायची मुभा इथे नाही. आपण किती कमी पाहिलं हे रोज संध्याकाळी कागदावर लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या आधाराने पुन्हा उडायचं, याला मी मोठी नैतिक शिस्त मानतो.

पाहूनही न दिसणं, फॉसेटच्या बाबतीत तेच झालं. त्याने उड्डाणाचा आराखडा कुणाकडे दिलेला नव्हता. नियमाने तो देणं बंधनकारकही नव्हतं. परिणामी शोधाचा प्रदेश सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर झाला, म्हणजे महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढा. विमानातल्या संकटसूचक यंत्राचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. ऑक्टोबर २००७ च्या सुरुवातीला सिव्हिल एअर पेट्रोलने आपलं काम थांबवलं. वर्षभराने, सप्टेंबर २००८ च्या अखेरीस, सिएरा नेव्हाडा पर्वतरांगेत मॅमथ लेक्स गावाजवळ रानात चालणाऱ्या एका माणसाला फॉसेटची ओळखपत्रं सापडली, आणि दोन दिवसांत जवळच दहा हजार फुटांच्या आसपास विमानाचा चुरा. त्या परिसरावरून शोधविमानं पूर्वी जाऊन आली होती. अपघाताच्या तपासात कारण निघालं ते डोंगरात खाली येणाऱ्या हवेच्या झोताचं. विमानाला त्यातून वर निघता आलं नाही.

संकटसूचक यंत्र, म्हणजे बीकन, छोट्या विमानांत सक्तीचं का झालं त्यामागे एक फार दुःखद घटना आहे. मार्च १९६७ मध्ये ओरेगनमधून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेलं एक सेस्ना उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात बर्फात पडलं. आत नवरा, बायको आणि सोळा वर्षांची मुलगी. तिघंही अपघातातून वाचली. नवरा मदत आणायला निघाला आणि वाटेत गेला. मायलेकी मोडक्या विमानात जवळजवळ आठ आठवडे जिवंत होत्या, हे कळलं ते मुलीने लिहून ठेवलेल्या नोंदींवरून. ऑक्टोबरमध्ये शिकाऱ्यांना विमान सापडलं तेव्हा फार उशीर झाला होता. कोसळण्याने मारलं नाही, न सापडण्याने मारलं. या घटनेने उठलेल्या हळहळीतूनच १९७० मध्ये अमेरिकेत छोट्या विमानांना बीकन सक्तीचा करणारा कायदा झाला. १९७२ च्या ऑक्टोबरात अलास्कात हेल बॉग्ज आणि निक बेगिच या दोन संसद सदस्यांना घेऊन जाणारं सेस्नाही असंच नाहीसं झालं. एकोणचाळीस दिवस शोधलं. ते आजतागायत मिळालेलं नाही.

आदळण्याचा जोराचा धक्का बसला की बीकन आपोआप सुरू होतो. जुने बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवर नुसता चढ-उताराचा केविलवाणा सूर काढायचे. कोण, कुठे, काही नाही. त्यातही बहुसंख्य हाका खोट्या: जोरात टेकलेली चाकं, हँगरमध्ये चुकून दाबलेलं बटण. रात्री दोन वाजता उठून विमानतळावर बंद हँगरांच्या रांगेतून असा बीकन हुडकणं हे सिव्हिल एअर पेट्रोलच्या स्वयंसेवकांचं वर्षानुवर्षांचं काम होतं. या हुडकण्याचीही एक खास रीत आहे. विमान एका जागी गोल फिरवायचं आणि सूर कधी मंदावतो ते ऐकायचं. पंख अँटेनाच्या आड आला की आवाज दबतो, आणि त्या क्षणी विमानाचं तोंड कुठे होतं यावरून दिशा काढता येते.

पुढचं पाऊल उपग्रहांचं. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी १९७९ मध्ये कोस्पास-सारसॅट ही संयुक्त यंत्रणा उभारायचं ठरवलं. ३० जून १९८२ ला पहिला उपग्रह गेला तो सोव्हिएत, कॉसमॉस-१३८३. यंत्रणा अजून चाचणीतच होती. सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरांत एक छोटं विमान पडलं, उपग्रहाने त्याची हाक टिपली आणि तिघांना वाचवण्यात आलं. ते तिघं स्वतः दुसरं एक हरवलेलं विमान शोधायला निघालेले होते. अणुबाँब एकमेकांवर रोखून बसलेल्या दोन देशांनी मिळून वाचवलेले हे पहिले जीव. तेव्हापासून या यंत्रणेच्या मदतीने वाचलेल्या माणसांची संख्या ५० हजारांच्या पुढे गेली आहे.

आताचे बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर दर पन्नास सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवतात. त्यात विमानाची ओळख असते, काहींत जागाही. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी जुन्या १२१.५ कडे कान देणं बंद केलं. भारतात हे संदेश झेलणारी इस्रोची केंद्रं बंगळुरू आणि लखनौला आहेत, आणि नेपाळ, भूतान, श्रीलंकेसह शेजारच्या काही देशांनाही तीच सेवा देतात. पण ही सगळी यंत्रणा एका अँटेनावर टांगलेली असते. ती आदळताना तुटली, आग लागली, विमान कड्याखाली उलटं पडलं, की आकाशातले सगळे उपग्रह निरुपयोगी. ३ जून २०१९ ला जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाकडे निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ तेरा जणांसह बेपत्ता झालं, तेव्हा त्यातल्या जुन्या धाटणीच्या बीकनचा संकेत मिळालाच नाही. सुखोई, सी-१३०, नौदलाचं पी-८आय, इस्रोचे उपग्रह असं सगळं कामाला लावलं. आठ दिवसांनी अवशेष दिसले ते एका एमआय-१७ हेलिकॉप्टरमधून, बारा हजार फुटांवरच्या उतारावर.

२९ मे २०२२ ला नेपाळात पोखराहून जोमसोमला निघालेलं तारा एअरचं ट्विन ऑटर पडलं. त्यात बावीस जण होते, त्यांत ठाण्याचे चौघं. ढगांमुळे हेलिकॉप्टरना परतावं लागत होतं. तेव्हा शोधाला दिशा मिळाली ती वैमानिकाच्या मोबाइल फोनच्या ठावठिकाण्यावरून. अमेरिकेतही हेच झालं आहे. सिव्हिल एअर पेट्रोलचे काही स्वयंसेवक आता उडतच नाहीत; घरी संगणकासमोर बसून रडारच्या नोंदींतून विमानाचा शेवटचा ठिपका आणि मोबाइलच्या टॉवरवरून शेवटची जागा काढतात. हजारो चौरस किलोमीटरचा प्रदेश त्यांच्या हाताखाली काही तासांत दोन-चार दऱ्यांवर येतो. मग सेस्ना उडते, आणि तिच्यातल्या माणसाला पाहायला तेवढंच उरतं, जेवढं एका सकाळी नीट पाहता येईल.

प्रदेश लहान करायचं हे काम निघण्याआधीच करता येतं, आणि ते ज्याचं त्यालाच करता येतं. सह्याद्रीत आपल्याकडे दर पावसाळ्यात ट्रेकर हरवतात आणि त्यांना शोधायला जाणारी गिर्यारोहक मंडळीही स्वयंसेवकच असतात. तेव्हा तुम्ही पॅराग्लायडर घेऊन उडणार असा की दोन दिवस रतनगडाकडे चालायला जाणार असा, निघताना घरच्या एका माणसाकडे कागदावर लिहून ठेवा: कोणत्या वाटेने चाललो आहोत, सोबत कोण आहे, केव्हा परतणार, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी कुणाला फोन करायचा. वाट ऐनवेळी बदलली तर तेही कळवा.