हिवाळ्यात मुलांकडे परदेशी जाताय? बर्फाचे फावडे जपून उचला

दिवाळी आटोपली की आपल्या मंडळातले बरेच ज्येष्ठ सभासद अमेरिकेला किंवा कॅनडाला मुलांकडे जातात. आपली बडोद्याची थंडी एका स्वेटरवर भागते. टोरांटो, बॉस्टन किंवा शिकागोत मात्र सकाळी दार उघडावे तर समोर बर्फाचा जाड थर. गाडी बाहेर काढायची तर तो हटवायलाच हवा. शिवाय तिकडच्या अनेक शहरांत घरासमोरचा पदपथ ठरावीक वेळेत मोकळा करणे ही घरमालकाचीच जबाबदारी असते. मुलाची-सुनेची कामावर जायची घाई पाहून बाबा म्हणतात, "तुम्ही निघा, मी करतो." भावना चांगली आहे, पण हे काम अंगण झाडण्याइतके हलके नाही.

साधा हिशेब पाहू. घरापुढची गाडीची जागा 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद धरली आणि बर्फ 15 सेंटिमीटर पडला, तर ताज्या, भुसभुशीत बर्फाचेही वजन सुमारे पाऊण टन भरते. ओला बर्फ त्याच्या दुप्पट-तिप्पट जड असतो.

त्यात थंडीमुळे रक्तवाहिन्या आकसतात, हातांनी वजन उचलताना रक्तदाब चढतो आणि जोर लावताना आपण नकळत श्वास रोखतो. हा सगळा ताण एकाच वेळी हृदयावर येतो. अमेरिकेतील एका अभ्यासानुसार 1990 ते 2006 या काळात बर्फ उपसताना दुखापत झालेल्या सरासरी साडेअकरा हजार लोकांना दरवर्षी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्यावे लागले. सर्वाधिक दुखापती कमरेच्या होत्या. त्या 17 वर्षांत 1,647 मृत्यू नोंदले गेले, आणि ते सगळे हृदयाशी संबंधित होते.

म्हणून हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी, अँजिओप्लास्टी वा बायपास झालेल्यांनी आणि एरवी व्यायामाची सवय नसलेल्यांनी फावड्याला हात न लावणेच बरे. प्रकृती ठणठणीत असली, तरी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटले, तर एवढे पाळा :

• उठल्या उठल्या किंवा भरपेट जेवून लगेच बाहेर पडू नका. आधी घरातच पाच-दहा मिनिटे चालून, हातपाय हलवून अंग गरम करा.

• एका जाड कोटाऐवजी पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घाला, म्हणजे घाम आल्यावर एखादा काढता येतो. कान व हात झाका. इकडून नेलेले कॅनव्हासचे बूट घसरतात. तळाला खोल खाचा असलेले बर्फाचे बूट तिथेच घ्या.

• बर्फ उचलण्यापेक्षा ढकला. उचलावाच लागला, तर अर्धेच फावडे भरा.

• एक हात पात्याजवळ ठेवा, गुडघे वाकवा, कंबर नको. बर्फ खांद्यावरून मागे फेकू नका. कंबरेत पिळा न देता पावले वळवून बाजूला टाका.

• दर दहा-पंधरा मिनिटांनी आत येऊन पाणी प्या. बर्फ पडत असतानाच थोडा थोडा काढला, तर शेवटी ढीग उपसावा लागत नाही.

• खाली गोठलेल्या काचेसारख्या थरावर मीठ किंवा वाळू टाका आणि छोटी पावले टाकत चाला.

• बर्फ काढायचे यंत्र अडकले, तर ते बंद केल्यावरही आत हात घालू नका. काठीने मोकळे करा.

छातीत दडपण, दम लागणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंडीतही दरदरून घाम, चक्कर : यांपैकी काहीही जाणवले, तर काम तिथेच सोडा. "ॲसिडिटी असेल" म्हणून वाट पाहू नका. अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे 911 फिरवा. घरी एकटे असताना तर बर्फ काढायला जाऊच नका.

प्रवास विम्याची कागदपत्रेही नीट वाचा. आधीपासूनच्या आजाराचा खर्च त्यात बरेचदा धरलेला नसतो आणि तिकडच्या इस्पितळाचे बिल मुलांना वर्षानुवर्षे फेडावे लागू शकते.

परदेशी असलेल्या मुलामुलींना एक विनंती. आईबाबा येण्याआधीच बर्फ काढणाऱ्या एखाद्या माणसाशी हंगामभराचे ठरवून ठेवा आणि तसे त्यांना स्पष्ट सांगा. काम डोळ्यांसमोर पडलेले दिसले, की आपली पिढी स्वस्थ बसत नाही.