नारा : हरणांच्या गावी, समतेच्या वाटेवर

जपानला जाणारे आपले बहुतेक लोक टोकियो पाहतात, क्योटो पाहतात आणि परततात. आम्ही मात्र क्योटोहून गाडी धरली ती नारा शहराची. जेमतेम पाऊण तासाचा प्रवास. इ.स. ७१० ते ७८४ या काळात नारा ही जपानची राजधानी होती. धम्माला त्या देशात राजाश्रय मिळाला आणि तो खोलवर रुजला, तो याच परिसरात.

स्टेशनवरून पायी निघालो तर वाटेत हरणेच हरणे! ना दोर, ना कुंपण. त्यांच्यासाठी खास बिस्किटे विकत मिळतात. बिस्किट दिसले की हरीण मान लववते. मुलांची तर चंगळच झाली. ही हरणे तेथील कासुगा या शिंतो देवस्थानाची मानतात. पण आम्हाला आठवले ते सारनाथचे मृगदाव.

पुढे तोदाइजी विहार. लाकडी सभागृहात सुमारे १५ मीटर उंचीची वैरोचन बुद्धांची कांस्यमूर्ती. देवीची साथ आणि दुष्काळ यांनी प्रजा गांजली असता सम्राट शोमू यांनी ती घडविण्याचा संकल्प केला. इ.स. ७५२ मध्ये मूर्तीचे डोळे रेखण्याचा विधी झाला आणि तो मान मिळाला भारतातून गेलेल्या भिक्खू बोधिसेन यांना! त्यांच्या कुंचल्याला लांब दोर जोडले होते आणि जमलेल्या लोकांनी ते हाती धरले होते. पुण्यकर्माला अनेकांचा हात लागावा, ही त्यामागची भावना. वंदना घेताना आमचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी होर्युजी पाहिले. राजपुत्र शोतोकु यांनी सातव्या शतकाच्या आरंभी स्थापलेल्या या विहारातील इमारती जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी आहेत. येथील भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक आपल्या अजिंठ्याशी करीत. १९४९ च्या आगीत ती होरपळली.

पण आमची खरी ओढ होती नाराच्या दक्षिणेकडील गोसे या छोट्या गावाची. जपानमध्येही अस्पृश्यता होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जनावरे कापणारे, कातडे कमावणारे लोक तेथे विटाळाचे मानले जात. त्यांच्या वस्त्या वेगळ्या. १८७१ मध्ये सरकारने कागदावर हा भेद रद्द केला; पण लग्नात आणि नोकरीत तो उरलाच. काही विहारांनी तर या लोकांना मरणोत्तर नावेही हीन अर्थाची दिली! दोर सर्वांच्या हाती देणाऱ्या धम्माच्या घरी हे घडावे, याचे आम्हाला फार दुःख झाले.

या अन्यायाविरुद्ध याच गोसे भागातील तरुण उठले. त्यांत साइको मानकिची हे एका विहाराच्या पुरोहिताचे चिरंजीव होते. ३ मार्च १९२२ रोजी क्योटो येथे ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापन झाली. तिचा जाहीरनामा साइको यांनीच लिहिला. आम्हाला कोणाची दया नको, माणूस म्हणून मान हवा, असा त्याचा आशय. त्यानंतर पाचच वर्षांनी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दोन देश, दोन भाषा. तहान मात्र एकच! गोसे येथे या चळवळीचे संग्रहालय आहे. ते अवश्य पाहावे.

परतताना आमच्या मुलीने विचारले, “बुद्धाच्या देशातही जात कशी?” आम्ही म्हणालो, “बाळ, धम्म नुसता पूजेत राहिला आणि वागण्यात उतरला नाही, की विषमता मागच्या दाराने घरात शिरते. म्हणूनच १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षेबरोबर २२ प्रतिज्ञाही दिल्या.”

वाचक बंधू-भगिनींनो, जपानला जाण्याचा योग आला तर नाराची मूर्ती पाहा आणि गोसेही पाहा. एकात तथागतांची करुणा दिसेल, दुसऱ्यात त्या करुणेची आपल्यावरील जबाबदारी.

जयभीम!